बेरीज जोडीदारांची, गुणाकार जंतूंचा

सर्जापूर रोडवर राहणाऱ्या मराठी आयटीवाल्याला जाळ्याचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही. इब्लूरच्या चौकात ते रोज सकाळी फुकट शिकायला मिळतं. शहरातल्या एकेका रस्त्यावर सरासरी किती गाड्या, या माहितीला तिथे काडीची किंमत नसते. एक चौक तुंबला की बेलंदूरपासून दोम्मसंद्रापर्यंत सगळे बसले. परमा (गनोरिया), गरमी (सिफिलिस), एचआयव्ही या लैंगिक आजारांचं वागणंही असंच असतं: माणसं किती, यापेक्षा कोण कोणाशी जोडलेलं, यावर सगळं ठरतं.

योगायोग म्हणजे याच रस्त्याच्या कोरमंगलाकडच्या टोकाला सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याची संशोधन संस्था आहे. कर्नाटकात एचआयव्ही कसा पसरला आणि कशाने आटोक्यात आला, याचा हिशेब मांडणाऱ्या अनेक शोधनिबंधांत लेखकांच्या पत्त्यांमध्ये सेंट जॉन्सचं नाव सापडतं. म्हणजे विषय घराजवळचाच. चला, एकेक नमुना घेऊ.

१. बेंगळुरूचं पिंप, साल १८८३

रोनाल्ड रॉस नावाचा तरुण लष्करी डॉक्टर बेंगळुरूच्या छावणीत राहायला आला, तर बंगल्यात डासच डास. शोधाशोध केल्यावर खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. पाणी ओतून दिलं, डास ओसरले. पुढे १८९७ मध्ये सिकंदराबादेत त्याने डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पकडला आणि १९०२ मध्ये नोबेल पटकावलं. पण त्याची दुसरी कामगिरी कमी लोकांना माहीत असते. त्याने गणिताने दाखवून दिलं की साथ थांबवायला शेवटचा डास मारावा लागत नाही. संख्या एका उंबरठ्याखाली गेली की रोग स्वतःच विझतो. लैंगिक आजारांचं गणितही याच उंबरठ्यावर उभं आहे. झाडून सगळ्यांनी कायम शहाण्यासारखं वागावं, अशी अट त्यात नाही.

२. मुंबईच्या प्लेगचा आलेख

साथींच्या गणिताचा पाया मानला जाणारा निबंध १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी लिहिला. आपलं सूत्र खऱ्या साथीला लागू पडतं का, हे तपासायला त्यांनी आकडे वापरले ते मुंबईचे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या प्लेगच्या मृत्यूंचे, आठवडावार. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले, कसौलीच्या पाश्चर संस्थेत राहिलेले. त्यांना गणिताचा नाद लावला तो रॉसनेच. कर्मॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती, म्हणजे जगभर गिरवला जाणारा तो मुंबईचा आलेख त्यांनी स्वतः कधी पाहिलाच नाही.

३. त्याच वर्षी, मुंबईतच

जुलै १९२७ मध्ये मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू झालं. संपादक रघुनाथ धोंडो कर्वे, पेशाने गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार केल्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेलेली, १९२१ पासून संततिनियमनाचं केंद्र चालवत असलेले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा हे त्यांनी मराठीत स्वच्छ शब्दांत लिहिलं. १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. हा विषय पापपुण्याच्या खात्यातून काढून कार्यकारणाच्या खात्यात टाका, एवढंच कर्वे नोव्हेंबर १९५३ मधल्या शेवटच्या अंकापर्यंत सांगत होते.

४. सगळं मिळून तीन आकडे

एक बाधित माणूस सरासरी किती जणांना संसर्ग देतो, याचं सूत्र पाचवीतल्या मुलालाही करता येईल. एका जोडीदाराला लागण होण्याची शक्यता, गुणिले वर्षाला होणारे नवे जोडीदार, गुणिले संसर्ग अंगात टिकण्याची वर्षं. उत्तर एकाच्या वर गेलं तर साथ फोफावते, एकाच्या खाली आलं तर विझते.

प्रत्येक जंतू या तिन्हींचा आपापला मेळ घालतो. निरोधाशिवाय एका संबंधात परमा पुरुषाकडून स्त्रीकडे जाण्याची शक्यता साधारण निम्मी, उलट दिशेने साधारण पाचातली एक. एचआयव्हीचा तोच आकडा पुरुषाकडून स्त्रीकडे दहा हजारांत आठच्या आसपास. इतका कमी असूनही एचआयव्हीने जग व्यापलं, कारण उपचार नसतील तर तो अंगात वर्षानुवर्षं राहतो आणि माणूस दिसतो ठणठणीत. पहिला आकडा इवलासा, तिसरा अवाढव्य.

आणखी एक खोच. परमा बरा झाला तरी तो पुन्हा होऊ शकतो, कारण शरीरात टिकाऊ प्रतिकारशक्ती तयार होत नाही. म्हणून प्लेगचं समीकरण त्याला जसंच्या तसं चालत नाही. बरा झालेला माणूस पुन्हा 'निरोगी, पण लागण होऊ शकते' या रकान्यात लिहावा लागतो.

५. दोन वसाहती, सरासरी एकच

समजा, दोन वसाहती आहेत, प्रत्येकी शंभर माणसांच्या. पहिलीत प्रत्येकाला वर्षाला दोन जोडीदार. दुसरीत नव्वद जणांना एकेक आणि दहा जणांना अकरा-अकरा. सरासरी दोन्हीकडे दोनच. धोकाही सारखाच?

मुळीच नाही. रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे या जोडीने १९८० च्या दशकात दाखवलं की इथे साधी सरासरी चालत नाही. प्रत्येकाच्या आकड्याचा वर्ग करा, त्यांची बेरीज घ्या आणि मूळ बेरजेने भागा. पहिल्या वसाहतीत ४०० भागिले २००, म्हणजे दोन. दुसरीत १,३०० भागिले २००, म्हणजे साडेसहा!

आता लागणीची शक्यता निम्मी आणि संसर्गाचा काळ सहा महिने धरा. पहिलीत उत्तर अर्धा, रोग विझला. दुसरीत १.६, रोग पसरला. याच दुसऱ्या वसाहतीत चाचणी आणि औषध सहाऐवजी तीन महिन्यांत मिळू लागलं, तर उत्तर येतं ०.८. कोणाचंही वागणं तसूभर न बदलता साथ संपली.

६. तुमच्या जोडीदाराचे जोडीदार

त्याच दुसऱ्या वसाहतीत डोळे मिटून एक माणूस निवडा. त्याचे जोडीदार सरासरी दोन. आता त्याच्या एखाद्या जोडीदाराकडे जा आणि त्याचे मोजा. जोड्या लॉटरीसारख्या जुळल्या असतील, तर सरासरी पुन्हा साडेसहा! ज्याचे दुवे जास्त, तो दुसऱ्यांच्या यादीत जास्त वेळा सापडणार, हे त्यामागचं साधं कारण. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये मैत्रीबद्दल हेच मांडलं: बहुतेकांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. रुग्णाच्या जोडीदाराला शोधून औषध देणं इतकं परिणामकारक का, याचं उत्तर इथे आहे. आपण नकळत जास्त जोडलेल्या माणसापर्यंत पोहोचतो.

७. गाभा आणि गोंधळ

थोड्याशा घट्ट जोडलेल्या लोकांमुळे परमा सगळ्या समाजात टिकून राहतो, ही 'गाभा गटा'ची कल्पना १९७८ मध्ये जेम्स यॉर्क, हर्बर्ट हेथकोट आणि अ‍ॅनेट नोल्ड यांनी समीकरणांत बसवली. यॉर्क हे नाव गणितवाल्यांना वेगळ्याच कारणाने ओळखीचं वाटेल. १९७५ मध्ये ली यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधातून 'केऑस' हा शब्द गणितात रूढ करणारे यॉर्क हेच.

८. स्वीडन विरुद्ध अमेरिकेतली शाळा

१९९६ च्या स्वीडनमधल्या पाहणीतली २,८१० जणांची उत्तरं तपासून २००१ मध्ये संशोधकांनी चित्र मांडलं: बहुतेकांना मोजके जोडीदार, काहींना भरमसाठ. अशा जाळ्यात त्या काहींपर्यंत निरोध आणि औषध पोहोचलं की मोठा भाग सुरक्षित.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या एका शाळेतल्या जोड्यांचा नकाशा निघाला, शाळेचं नाव बदलून 'जेफरसन हायस्कूल' ठेवलेलं. तिथे २८८ मुलंमुली एकाच लांबलचक साखळीत गुंफलेली निघाली, आणि तरी मध्यवर्ती असं कोणीच नव्हतं. बहुतेकांचे जोडीदार एक किंवा दोन. मुलांनी एक अलिखित नियम मात्र कसोशीने पाळला होता: आपल्या 'एक्स'च्या नव्या जोडीदाराच्या 'एक्स'शी जुळवायचं नाही. अशा जाळ्यात 'धोक्याची माणसं' शोधत बसणं व्यर्थ. ते कुठेही तोडलं तरी दोन तुकडे होतात, म्हणून सगळ्यांना थोडं थोडं शिकवलेलं पुरतं. औषध तेच, वाटपाची तऱ्हा जाळं ठरवतं.

९. आधी कोण, मग कोण

अ आणि ब यांची जोडी मोडली, मग अ आणि क यांचं जमलं. क कडचा संसर्ग ब पर्यंत जाऊ शकत नाही, कारण भूतकाळात जायची सोय जंतूंना नाही. पण दोन्ही नाती एकाच वेळी चालू असतील तर रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा. जोडीदारांची संख्या तीच, फरक फक्त तारखांचा. मार्टिना मॉरिस आणि मिर्याम क्रेट्शमार यांनी १९९० च्या दशकात संगणकावर जाळी उभारून हा फरक दाखवला. प्रत्यक्ष साथींमध्ये तो किती मोठा, यावर पुढे जोरदार वाद झाले. त्याआधी १९८८ मध्ये डीट्झ आणि हॅडेलर यांनी जोड्यांचंच समीकरण मांडलं होतं. दोघंही निरोगी आणि एकमेकांशी एकनिष्ठ, तर रोगाला आत शिरायला वाट नाही. दोघंही बाधित आणि एकनिष्ठ, तर रोगाला बाहेर पडायला वाट नाही.

१०. ही बेरीज जुळत का नाही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत आयुष्यभरातल्या जोडीदारांची सरासरी पुरुषांनी २.१ सांगितली, स्त्रियांनी १.७. आता एक पुरुष आणि एक स्त्री मिळून एक जोडी होते. दोन्हींची संख्या साधारण सारखी असेल, तर स्त्री-पुरुष संबंधांपुरती दोन्ही सरासरी सारखीच यायला हवी. मग फरक कुठला? थोडी फुशारकी, थोडी लपवाछपवी, वयोगटांतलं अंतर, आणि घरोघरच्या पाहणीत क्वचितच सापडणाऱ्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया. राजस्थानात तर उलटंच घडलं: स्त्रिया ३.१, पुरुष १.८. जगभर अशा पाहण्यांत बेरीज अडते, आणि गणितज्ञ त्या अडलेल्या बेरजेतूनच खोटं किती ते ताडतात.

११. गुपितासाठी मतपेटी

समोर वही घेऊन बसलेल्या पाहुण्याला 'मागच्या वेळी निरोध वापरला का?' याचं खरं उत्तर कोण देईल? कर्नाटकातल्या संशोधकांनी निवडणुकीची युक्ती उचलली. गट एकत्र बसवायचा, प्रत्येकाला पडद्याआड जागा द्यायची, प्रश्न मोठ्याने वाचायचा, आणि हो, नाही, लागू नाही अशा वेगवेगळ्या पेट्यांत चिठ्ठी टाकायला सांगायचं. कोणाची चिठ्ठी कोणती, ते संशोधकांनाही कळत नाही. समोरासमोरच्या मुलाखतीत न येणारी कबुली पेटीत आपसूक पडते. मॉडेलला चांगली समीकरणं लागतात, पण त्याआधी खरी उत्तरं लागतात.

१२. बेळगावचा ताळा

गेट्स फाउंडेशनचा 'आवाहन' प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला. कर्नाटक आणि महाराष्ट्रासह सहा राज्यांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, सुईने नशा करणारे आणि महामार्गांवरचे ट्रकवाले यांच्यापर्यंत निरोध आणि उपचार नेण्याचं हे काम. स्त्रिया म्हणाल्या, निरोधाचा वापर वाढला. कशावरून? २०१० च्या एका अभ्यासात मैसूर आणि बेळगाव जिल्ह्यांसाठी मॉडेल बांधून ताळा केला गेला: खरंच इतका वापर वाढला असेल, तर रक्ततपासणीत एचआयव्हीचं प्रमाण किती दिसायला हवं? सांगितलेलं आणि रक्तात दिसलेलं जुळतं का? लोकांच्या शब्दाची शहानिशा करायला समीकरण साक्षीला आलं.

वापर वाढला तो मात्र समीकरणाने नव्हे. सांगलीत 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून या स्त्रियांनाच कार्यकर्त्या बनवलं, आणि १९९६ मध्ये त्यांनी स्वतःची 'व्हॅम्प' ही संघटना उभी केली. गिऱ्हाइकाला 'निरोधाशिवाय नाही' असं एकटी बाई सांगते तेव्हा भांडण होतं. गल्लीतल्या सगळ्या सांगतात तेव्हा नियम होतो.

१३. प्रकल्प एक, उत्तरं दोन

'आवाहन'मुळे किती संसर्ग टळले? २०११ मधल्या एका विश्लेषणाचं उत्तर: पाच वर्षांत सुमारे एक लाख. २०१३ मधल्या दुसऱ्या मॉडेलचं उत्तर: पहिल्या चार वर्षांत सुमारे दोन लाख, दहा वर्षांत सुमारे सहा लाख. पहिल्याने जिल्ह्यांच्या आकडेवारीची तुलना केली, दुसऱ्याने संसर्गाची साखळीच संगणकात चालवून पाहिली. एक स्त्री वाचली, म्हणून तिचं गिऱ्हाईक वाचलं, म्हणून त्याची घरची बायको वाचली, हे दुसऱ्यात धरता येतं. दुसऱ्या चमूत सेंट जॉन्सशी संबंधित रेनॉल्ड वॉशिंग्टन होते, तसे पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे रमेश परांजपेही. आणि त्यांचा प्रामाणिकपणा असा की दहा वर्षांच्या सहा लाखांबरोबर 'तीन लाखांच्या जरा खालपासून बारा लाखांच्या आसपास काहीही असू शकेल' अशी पट्टीही त्यांनी छापली.

१४. एका वर्षात निम्म्याहून कमी

२००६ मध्ये भारतात ५७ लाख एचआयव्हीबाधित असल्याचा अंदाज होता. २००७ मध्ये तो एकदम २५ लाखांवर आला. बत्तीस लाख माणसं गेली कुठे? कुठेच नाही, ती नव्हतीच. आधीचा अंदाज मुख्यतः सरकारी दवाखान्यांत आलेल्यांच्या रक्तावरून बांधलेला होता. २००५-०६ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन लाखाहून जास्त लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा फुगवटा उतरला.

१५. गायतोंड्यांची सुनीती, आणि पुण्यातली जोडपी

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी नमुने गोळा केले, मार्गदर्शक होत्या डॉ. सुनीती सोलोमन, माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या, चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातली ही मुलगी. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र उभारलं.

हेच केंद्र आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था पुढे एका जागतिक चाचणीत सामील झाली. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, प्रत्येकात एक बाधित, एक नाही. २०११ मध्ये निकाल आला: बाधित जोडीदाराला लवकर औषधं सुरू केली, तर त्याच्याकडून दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. सूत्रातला पहिला आकडा गोळीने जवळजवळ पुसून टाकला!

१६. बार्शीचा अपुरा डोस

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा एचपीव्ही हाही लैंगिक संसर्गच. २००९ मध्ये भारतात नऊ ठिकाणी, त्यात बार्शी आणि पुणे, मुलींना त्याच्या लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात हे तपासायला सुरुवात झाली. २०१० मध्ये वेगळ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटला आणि सरकारने सगळीकडचं लसीकरण थांबवलं. जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही, आणि दहा वर्षांनी दिसलं की एका डोसाचं संरक्षणही जवळजवळ तितकंच, सुमारे ९५ टक्के. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाला मान्यता दिली, त्यात या पुराव्याचा मोठा वाटा होता.

जोडीचं गणित इथेही. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये फक्त मुलींना लस द्यायला सुरुवात केली, तर काही वर्षांत तरुण मुलग्यांमधले जननेंद्रियांवरचे चामखीळही झपाट्याने घटले. त्या मुलग्यांना कोणी सुई टोचलीच नव्हती.

१७. सात रंगांची पुडकी

सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लैंगिक आजारांची औषधं सात रंगांच्या किटमध्ये येतात: करडं, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं. लक्षणं पाहून रंग ठरतो. परम्यासारख्या स्रावाला करडं, आणि ते रुग्णाबरोबर जोडीदारालाही द्यायचं असतं. एकट्यानेच औषध घेतलं, तर जंतू जोडीदाराकडे मुक्काम ठोकून पुन्हा परत येतो. परम्यात बऱ्याच बायकांना काही लक्षणंच दिसत नाहीत, त्यामुळे 'तिला काही त्रास नाही' या वाक्याला डॉक्टर भुलत नाहीत.

वरच्या तीन आकड्यांपैकी आपल्या हातात पटकन येणारा तिसरा: संसर्ग किती दिवस अंगावर काढायचा. चौकशीला १०९७ हा टोल-फ्री नंबर आहे. एचआयव्हीची चाचणी सरकारी केंद्रात मोफत होते, आणि २०१७ च्या कायद्याने ती तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही, निकालही गुप्त ठेवावा लागतो. जाताना जोडीदाराला बरोबर न्या. दोन फेऱ्या वाचतील.